फ्रान्सच्या आडरस्त्यांवर सायकल: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या सायकलवाल्यांना फ्रान्स माहीत असतो तो बहुधा पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसमुळे. दर चार वर्षांनी पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडची मंडळी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, पूर्ण करून पात्र होतात, साधारण १२०० किलोमीटर ९० तासांत संपवायला जातात आणि वाटेतली निम्मी गावं दिव्याच्या उजेडात मागे टाकून परत येतात. तो पराक्रम मोठाच. पण त्याच देशात दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर, तेही दिवसाउजेडी आणि थांबत थांबत चालवायला ना पात्रता लागते ना जागरण. रविवारी सकाळी ज्याला चाळीस किलोमीटर सहज जमतात, त्याने खुशाल जावं.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी मनात पक्की करा. तिथे सायकल चालवणं सोपं आहे, पोट आणि बाटली भरलेली ठेवणं शिकावं लागतं. आपल्याला सवय असते की भूक लागली की टपरी येतेच. फ्रान्सच्या शांत भागात तीस किलोमीटरमध्ये पाच गावं लागतील, पाचही देखणी, आणि एकाही गावात उघडं दुकान नसेल. ज्या शांततेसाठी आपण जातो, तिचीच ही दुसरी बाजू आहे. ती समजून आखणी केली की बाकी सगळं सुरळीत होतं.

भाग आणि महिना ठरवा

पहिल्या खेपेला आल्प्स किंवा पिरेनीजच्या नादी लागू नका. लहान मुलं बरोबर असतील तर लोआर नदीकाठचा ‘ला लोआर आ व्हेलो’ हा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग चांगला, कारण तो जवळपास सपाट आहे आणि पाट्या जागोजाग आहेत. पण तिथे उन्हाळ्यात गर्दी असते. शांतता, जंगल आणि छोटी गावं हवी असतील तर माझं मत बर्गंडीतल्या मोर्व्हांला.

मोर्व्हां हा पॅरिसच्या आग्नेयेचा जुना ग्रॅनाइटी डोंगरपट्टा. बीच आणि ओकची जंगलं, मधूनमधून नाताळच्या झाडांची लागवड, झुडपांच्या कुंपणांनी आखलेली कुरणं आणि त्यात चरणाऱ्या पांढऱ्या शारोले गाई. १९७० पासून हा भाग प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे. इथलं सर्वांत उंच शिखर ओ-फोलँ अवघं ९०१ मीटरचं. म्हणजे आपल्या वरंध्यासारखा सलग घाट कुठे नाही. दोन-तीन किलोमीटरचा चढ, लगेच उतार, की पुन्हा चढ. एकेक चढ किरकोळ वाटतो, पण संध्याकाळी पायांना त्यांची बेरीज कळते. म्हणून सपाट रस्त्यावर तुम्ही जेवढं चालवता त्याच्या पाऊण अंतर इथे धरा.

महिने तीन: मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई लागत नाही. मे महिन्यात १ आणि ८ तारखेला, शिवाय असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारी सुट्टी असते आणि गावं कडकडीत बंद असतात. १४ जुलै आणि १५ ऑगस्टचंही तेच. ऑगस्टमध्ये तर गावचा बेकरीवालाच दोन-तीन आठवडे सुट्टीवर गेलेला असू शकतो.

रस्ता निवडणं

फ्रान्समध्ये रस्त्याच्या क्रमांकाआधीचं अक्षर बघा. ‘ए’ म्हणजे मोटरवे, तिथे सायकलला बंदी. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय रस्ता, तो टाळा. ‘डी’ म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, ‘सी’ म्हणजे गावचा. आपलं काम डी आणि सी मध्ये. पण सगळे डी सारखे नसतात. आव्हालों ते व्हेझले हा डी ९५७ चांगला असला तरी तुलनेने वर्दळीचा आहे, आणि त्याला समांतर जाणाऱ्या गल्लीवजा रस्त्यांवर अर्ध्या तासात दोन गाड्या भेटल्या तर खूप.

यासाठी मिशलँचा, म्हणजे टायरवाल्या मिशेलिन कंपनीचा, कागदी नकाशा आजही उत्तम आहे. मोठे रस्ते लाल, त्याखालचे पिवळे आणि सर्वांत लहान पांढरे. ज्या रस्त्याला हिरवी किनार आहे तो निसर्गरम्य. दिवसाचा मार्ग पांढऱ्या रस्त्यांवर आखा, जोडायला लागेल तिथेच पिवळा घ्या. मग तोच मार्ग फोनमध्ये भरा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण मोर्व्हांच्या दऱ्यांमध्ये रेंज जाते. सायकलची अ‍ॅप्स जवळचा रस्ता म्हणून जंगलातल्या कच्च्या वाटेत घालतात, तेव्हा मार्ग भरताना रस्ता डांबरी आहे का तेवढं तपासा.

काही पाट्या ओळखायला शिका. गावात शिरताना लाल चौकटीत गावाचं नाव दिसतं, बाहेर पडताना त्याच नावावर लाल तिरपी रेघ. चौकात ‘तूत दिरेक्सियों’, म्हणजे ‘सगळ्या दिशांना’ अशी पाटी दिसली की तिच्यामागे जाऊ नका. ती गाड्यांना गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर नेण्यासाठी असते. तुम्ही ‘सांत्र-व्हिल’, म्हणजे गावाच्या मध्याकडे वळा. बेकरी, नळ आणि बाकडं तिथेच सापडतं. ‘ग्राव्हियों’ लिहिलेलं दिसलं तर वेग कमी करा. उन्हाळ्यात रस्त्याची डागडुजी करताना डांबर शिंपडून वर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. पहिले काही दिवस ही खडी वळणावर कडेला साचते. उतारावरच्या वळणात ती सायकलीखाली आली की चाक सरकतं, म्हणून ब्रेक वळणाआधी दाबायचा, वळणात नाही.

सायकल

स्वतःची नेणं किंवा तिथे भाड्याने घेणं, दोन्ही चालतं. चार-पाच दिवसांसाठी भाड्याची घ्या, विमानातला खोका आणि त्याची काळजी वाचते. मात्र ती मोठ्या शहरातून आणि आधी ठरवून घ्या. खेड्यात रोड बाइक भाड्याने मिळेल हे गृहीत धरू नका. टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे मागा, कारण आडरस्त्यांचं डांबर खरखरीत असतं. गिअर हलका हवा: पुढे ३४ आणि मागे ३२ दातांची जोडी असेल तर मोर्व्हांत कुठेही उतरून ढकलावी लागणार नाही. सायकल ताब्यात घेतल्यावर जागेवरच कुठल्या हातात कुठला ब्रेक आहे ते बघा. तिथे सहसा डावा हात पुढच्या चाकाचा असतो. सवय उलटी असेल तर उतारावर धोका आहे.

पंक्चरचं सामान, दोन ट्यूब आणि पंप स्वतःजवळ ठेवा. सायकलची दुकानं फक्त मोठ्या गावांत असतात, आणि तीही बरेचदा रविवार-सोमवार बंद.

उजवी बाजू आणि उजवीकडचा हक्क

हा भाग दोनदा वाचा. भारतातून जाणाऱ्याला फ्रेंच रस्त्यावर खरा धोका इथेच आहे.

फ्रान्समध्ये वाहनं उजवीकडून चालतात. गर्दीच्या रस्त्यावर हे विसरायला होत नाही, समोरच्या गाड्याच आठवण करून देतात. विसरायला होतं ते रिकाम्या रस्त्यावर: फोटो काढायला थांबून पुन्हा निघताना, सकाळच्या पहिल्या वळणावर, बेकरीतून बाहेर पडल्यावर. हात आपोआप डावीकडे नेतात आणि टोकाला वळण असतं. यावर साधा उपाय म्हणजे थांबायचं ते नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेला आणि निघायचंही तिथूनच. आरसा लावत असाल तर हँडलच्या डाव्या टोकाला लावा, कारण गाड्या डावीकडून पुढे जाणार.

दुसरा नियम त्याहून फसवा. चौकात कुठलीच पाटी नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तुम्ही गावाच्या मुख्य रस्त्यावरून सरळ जात असाल आणि उजवीकडच्या बोळातून एखादी जुनी व्हॅन न थांबता बाहेर आली, तर चूक तुमची. जुन्या गावांत असे बोळ दोन घरांच्या भिंतींमधून अचानक उघडतात. त्यामुळे गावात शिरलात की बोटं ब्रेकवर आणि नजर उजवीकडे. रस्त्यावर पिवळ्या चौकोनाची, म्हणजे टोकावर उभ्या चौकटीची पाटी असेल तर हक्क तुमचा. त्याच पाटीवर काळी रेघ आली की तो संपला. पाट्या लावलेल्या गोल चौकात उलटं: आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, आणि फिरायचं घड्याळाच्या काट्यांविरुद्ध.

बाकीचे नियम थोडक्यात. गाडीवाल्याने सायकलला ओलांडताना गावात १ मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि बहुतेक जण ते पाळतात. पूर्ण पलीकडच्या बाजूला जाऊन, वेळ घेऊन पुढे जातात. दिवसा दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला हरकत नाही, पण मागून गाडी आली की एकामागोमाग व्हा. कानात इअरफोन घालून चालवायला २०१५ पासून बंदी आहे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकता जॅकेट सक्तीचा. घंटी हवी, अंधारात पुढे-मागे दिवे हवेत. हेल्मेट १२ वर्षांखालच्यांना सक्तीचं आहे, मोठ्यांनीही घालावंच. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, म्हणून बर्गंडीची वाइन संध्याकाळी, सायकल लावून झाल्यावर.

गावाचं घड्याळ

सकाळी सात-साडेसातला बेकरी उघडते. त्या वेळी जे घ्यायचं ते दुपारचंसुद्धा घ्या. साधारण बारा-साडेबाराला दुकानं बंद होतात आणि दोन, कधी तीनपर्यंत उघडत नाहीत. रविवारी दुपारनंतर तर काहीच नाही, आणि बरीच दुकानं सोमवारीही बंद. हॉटेलात जेवण बारा ते दीडच्या आसपासच मिळतं. दोन वाजता जाऊन बसलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही.

दुपारी सव्वाएकचं गाव कसं दिसतं ते सांगतो. चर्चच्या चौकात एकही माणूस नाही. खिडक्यांच्या लाकडी फळ्या ओढलेल्या. बेकरीच्या दारावर हाताने लिहिलेला बंदचा कागद. आतून कुठूनतरी काट्या-चमच्यांचा आवाज. सगळं गाव जेवतंय. आणि म्हणूनच याच दोन तासांत रस्ते सर्वांत मोकळे असतात: ट्रॅक्टर नाही, लाकडाचे ट्रक नाहीत, टपालाची गाडीसुद्धा नाही. अकराच्या सुमाराला बाकड्यावर बसून खाऊन घ्या आणि बारा ते दोन चालवा. मला विचाराल तर दिवसातलं उत्तम सायकलिंग याच वेळी होतं.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. ‘बागेत’ (लांब फ्रेंच पाव), चीज, टोमॅटो आणि फळं यांवर दिवस छान निघतो. बेकरीत सफरचंदाचं सारण भरलेलं ‘शोसों ओ पोम’ मिळतं, खिशात घालून न्यायला सोयीचं. किश, म्हणजे अंड्याचं सारण भरलेला खारा पदार्थ, मात्र विचारून घ्या, बरेचदा त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘सां व्हियांद’, बिनमांसाचं, एवढे शब्द पाठ असू द्यात. मासे चालत नसतील तर तेही वेगळं सांगा, कारण मासा म्हणजे मांस असं तिथे धरत नाहीत. घरून न्यायचं तर शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मेतकूट न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला मनाई आहे, तेव्हा पेढे-बर्फी घरीच ठेवा.

पाण्याचं थोडं सविस्तर. दोन मोठ्या बाटल्या हव्यात. चौकातल्या नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर पाणी पिण्याचं, ‘नों पोताब्ल’ असेल तर नाही. कारंजं कितीही स्वच्छ दिसलं तरी पाटी वाचा. गावात नळ सापडला नाही तर दफनभूमीत जा. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण फ्रेंच सायकलवाले सर्रास हेच करतात. जवळपास प्रत्येक गावाला दफनभूमी असते आणि कबरींवरच्या फुलांना घालायला फाटकाजवळ नळ असतो. तिथेही पाटी बघायची, टोपी काढायची, हळू बोलायचं, आणि जाताना फाटक लावून घ्यायचं. उघडा बार दिसला तर आत जाऊन विचारायलाही संकोच नको.

आत कुठेही शिरताना आधी ‘बोंझूर’. बेकरीत, बारमध्ये, पंपावर, मुक्कामाच्या दारात. नमस्कार न करता थेट मागणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं आणि चेहरा बंद होतो. ‘बोंझूर मादाम’ म्हटलं, मग मोडक्या फ्रेंचमध्ये किंवा हातवारे करून काहीही विचारा, माणसं मनापासून मदत करतात.

तीन दिवसांचा पहिला मार्ग

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून ओसेरला जाणारी प्रादेशिक गाडी पकडा. या गाड्यांत सायकल चढवता येते, पण जागा मोजक्या. शुक्रवार संध्याकाळ टाळा, वेळेआधी पोहोचा.

पहिला दिवस पाण्याच्या कडेने. ओसेरपासून निव्हेर्ने कालवा सुरू होतो. १७४ किलोमीटरचा हा कालवा सेन आणि लोआर या दोन नद्यांची खोरी जोडतो. मोर्व्हांच्या जंगलातलं जळाऊ लाकूड पूर्वी नद्यांत सोडून, वाहवत पॅरिसला नेत. त्या शहराच्या चुली शतकानुशतकं याच जंगलावर पेटल्या. आता कालव्यात फुरसतीच्या बोटी असतात आणि काठाच्या, पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटेवर सायकली. वाट सपाट आहे, काही तुकडे दाबलेल्या खडीचे. माई-ल-शातो सोडल्यावर सोस्वाचे चुनखडी कडे नदीवर उभे राहतात, त्यांच्यावर गिर्यारोहक लटकलेले दिसतील. शातेल-सांस्वारपर्यंत साधारण पन्नास किलोमीटर होतात. थकलात तर इथेच मुक्काम करा. दम असेल तर कालवा सोडून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या व्हेझलेकडे वळा.

व्हेझले टेकडीवर आहे आणि शेवटचा चढ चुकत नाही. वर मेरी माग्दालेनचं बाराव्या शतकातलं चर्च आहे, १९७९ पासून जागतिक वारसा यादीत. ११४६ साली दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक इथेच दिली गेली, आणि स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू आजही इथून निघतात. आपल्या वारीची आठवण येईल अशी माणसं संध्याकाळी चौकात पाय मोकळे करत बसलेली असतात. त्यांच्याशी बोला. सकाळी लवकर चर्चमध्ये जा, तेव्हा पर्यटक नसतात.

दुसरा दिवस जंगलाचा. उतरून सँ-पेर, मग पिएर-पेर्त्वीचा क्यूर नदीवरचा जुना कमानी पूल, पुढे बाझोश. इथला किल्लेवजा वाडा व्होबां या सेनापतीचा. चौदाव्या लुईसाठी त्याने फ्रान्सच्या सीमा किल्ल्यांनी बांधून काढल्या, आणि आपल्यासारख्या किल्ले बघत वाढलेल्यांनी इथे तासभर द्यावा. लोर्मला पोहोचेपर्यंत चढ सुरू झालेले असतील. खरेदी इथेच उरका, पुढे जंगल आहे. वाटेत दँ-ले-प्लास लागतं. जून १९४४ मध्ये जर्मन सैन्याने या छोट्या गावातल्या २७ पुरुषांना ठार मारलं. इथल्या जंगलांत जर्मन सत्तेचा प्रतिकार करणारे लपलेले होते, त्याची ही शिक्षा. स्मारकापाशी थांबा. त्यानंतर कारे-ले-तोंब, जिथे चर्चभोवती दगडी शवपेट्या मांडून ठेवल्या आहेत. मुक्काम इथे करा.

तिसरा दिवस छोटा. कूझँ नदीच्या दरीतून आव्हालोंपर्यंत विसेक किलोमीटर, बहुतेक उतरणीचे. जुन्या पाणचक्क्या, सावली, नदीचा आवाज. आव्हालोंहून परतीची गाडी मिळते.

जंगलातून जाताना

आठवड्याच्या दिवशी लाकडाच्या ओंडक्यांनी लादलेले लांब ट्रक अरुंद रस्त्यावर येतात. मागून आवाज आला की कडेला उतरून उभे राहा. उतारावर त्यांना थांबायला वेळ लागतो. सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रस्त्याच्या कडेला ‘शास आं कूर’ असा फलक दिसला तर शिकार चालू आहे. डांबरी रस्ता सोडू नका, भडक रंगाचं काहीतरी घाला, बोलत जा. पावसानंतर बीचची पानं रस्त्यावर चिकटतात आणि ती साबणासारखी निसरडी होतात.

मुक्काम

खेड्यातले मुक्काम आधी फोन करून ठरवा. ‘शांब्र द ओत’ म्हणजे कुणाच्या घरातली खोली, सकाळच्या नाश्त्यासह. रात्रीचं जेवण मिळेल का आणि शाकाहारी मिळेल का, हे त्याच फोनवर विचारा. गावात दुसरी सोय नसते. गावपंचायतीची कॅम्पिंगची जागा सर्वांत स्वस्त. दारावर ‘आक्यय व्हेलो’चं चिन्ह असेल तर सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीचं किरकोळ सामान मिळतं. पोहोचायला उशीर होणार असेल तर कळवा. सातनंतर यजमान वाट बघत दारात उभे असतात.

अडचण आली तर

आपत्कालीन क्रमांक ११२. सध्या कुठे आहात ते सांगता यावं म्हणून रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड वाचायची सवय ठेवा: पिवळ्या डोक्याच्या दगडावर डी रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटर असतो, तेवढं सांगितलं की मदत येते. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या विम्यात सायकलवरचा अपघात धरला आहे का, ते निघण्याआधी कागद उघडून वाचा. सायकल पूर्णच बसली तर जवळच्या गावपंचायतीत, म्हणजे ‘मेरी’त जा. ती काही ठरावीक वेळीच उघडी असते, पण तिथल्या माणसाला गावातला व्हॅनवाला आणि सर्वांत जवळचं स्टेशन दोन्ही माहीत असतं.